कशेळ्याहून बॅलेकडे

कशेळ्यात काय मिळत नाही, असे कुणी विचारले तर उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे हे गाव तसे सोयीचे आहे. खत मिळते, बियाणे मिळते, मोबाइलचे कव्हर मिळते. खांडसवरून भीमाशंकर चढायला निघालेल्या मुंबईकरांना वाटेत चहा-वडा मिळतो. मिळत नाही ती फक्त बॅलेची शाळा. ही उणीव गावात आजवर कुणालाच जाणवली नव्हती. ती आमच्या कन्येला जाणवली. वय वर्षे नऊ. फोनवर तिने एका परदेशी मुलीला पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहून गिरक्या घेताना पाहिले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरातला फळीवरचा डबा कुणी स्टुलावर चढून काढेना. सगळे चवड्यांवरच चालू झाले.

मी ऑफिसात हा प्रश्न सहज काढला. "मुलीला बॅलेला घालायचं म्हणतोय."

आमचे हेडकॅशियर नोटा मोजता मोजता थांबले. हे फार क्वचित घडते. "नऊ वर्षांच्या मुलीला? मतदान?"

त्यांची दोनदा इलेक्शन ड्यूटी झालेली आहे. 'बॅलट' हा शब्द कानावर आला की त्यांना मतदान संपल्यावर सामान जमा करायची मध्यरात्रीची रांग आठवते. बॅले आणि बॅलट यांतला फरक समजावून सांगेपर्यंत काउंटरसमोर सहा खातेदार जमले, आणि त्यांतल्या चौघांनी आपापले मत दिले. चारही मते विरोधी होती.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्यात कुणी कर्ज मागायला आला की त्याचा चेहरा बघत नाहीत, मागचा इतिहास बघतात. पूर्वी कुठे खाते होते, कुणी जामीन राहिले होते, हप्ते कुणी भरले. तेव्हा मुलगी सोपवायची ती बॅले ही बाई कोण, कुठली, हे आधी बघावे असे मी ठरवले. थोडक्यात, बॅलेची केवायसी.

कागदपत्रे उत्तम निघाली. जन्म इटलीतल्या सरदारवाड्यांत, वाढ फ्रान्सच्या दरबारात. तिथला चौदावा लुई राजा स्वतः नाचायचा. १६५३ साली एका बॅलेत तो सूर्य होऊन नाचला आणि 'सूर्यराजा' हे नाव त्याला जन्मभर चिकटले. पुढे १६६१ मध्ये त्याने नृत्याची अकादमी काढली. त्याच वर्षी इकडे आपल्या खालापूर तालुक्यात उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला गाठले होते. म्हणजे तिकडे राजा नाचत होता आणि इकडे राजा नाचवत होता. दोन्ही ठिकाणी पावले मोजूनच टाकावी लागत असणार.

मग बॅले रशियात गेली. पीटर्सबर्गला १७३८ साली सम्राज्ञी अॅनाने शाळा काढली. पहिल्या तुकडीत बारा मुलगे आणि बारा मुली, आणि ही सगळी राजवाड्यातल्या नोकरांची मुले होती. हे वाचून मला फार बरे वाटले. नोकरवर्गाला या खात्यात पहिल्यापासून प्रवेश आहे, ही नोंद मी लाल शाईने करून ठेवली. बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे वेड नंतरचे. १८३२ मध्ये पॅरिसला मारी ताग्लिओनी नावाची नर्तकी अख्खी बॅले तशी नाचली, आणि तेव्हापासून जगभरच्या मुली, कशेळ्यातल्या एकीसह, टाचा जमिनीला लावायला तयार नाहीत.

आणि या कागदपत्रांत एक कागद चक्क आपल्या गोव्याचा निघाला. पीटर्सबर्गला १८७७ मध्ये पेतिपा यांनी 'ला बायादेर' नावाची बॅले बसवली. देवळात नाचणाऱ्या एका हिंदुस्थानी मुलीची ती गोष्ट. 'बायादेर' हा फ्रेंच शब्द आला पोर्तुगीज 'बायलादेरा'वरून. बायलादेरा म्हणजे नाचणारी, आणि पोर्तुगीज हा शब्द आपल्या देवळांतल्या नाचणाऱ्यांना वापरत. म्हणजे ज्या बाईला आपल्याकडे घराच्या ओसरीवर चढू देत नव्हते, तिच्या नावाने रशियाच्या बादशाही नाट्यगृहात पडदा वर जात होता.

इथवर तपासून मी फाइल घरी मंजुरीला ठेवली. सौ. म्हणाली, "अहो, आधी आईंना विचारा." आई, म्हणजे माझी आई, शेंगा सोलत होती. तिने एका वाक्यात फाइल नामंजूर केली.

"आमच्यात मुली नाचत नाहीत."

आता हे वाक्य म्हणणारी बाई कोण? आमच्या नात्यागोत्यात मंगळागौर म्हटली की अजून तिचे नाव निघते. फुगडी, झिम्मा, पिंगा, बस फुगडी, दंड फुगडी. लग्नाआधी तिच्याशी फुगडी घालून भोवळ न आलेली मुलगी आसपासच्या चार गावांत नव्हती, असे माझी मावशी सांगते. पण तो नाच नव्हे. तो 'खेळ'. दारे लावून, बायकांत, देवीसमोर, पहाटेपर्यंत चालतो तो खेळ. दारे उघडली की त्याचा नाच होतो.

तिचा हा कायदा तिने केलेला नव्हता. तो तिच्या फार आधीचा. आपल्याकडे नाच कमी नव्हता. तंजावरला सरफोजीराजांच्या दरबारात तर चार भावांनी आजच्या भरतनाट्यमची घडी बसवली, आणि त्याच राजाच्या नावावर नाचासाठी रचलेली मराठी पदे आहेत. तमाशाचे फड होते, लावणी होती, गोव्याच्या कलावंतिणी होत्या. इथे कशेळ्याच्या आसपासच्या ठाकरवाड्यांत आजही ढोल वाजला की बाया-पुरुष फेर धरतात, आणि त्याला ना फी लागते ना प्रवेश अर्ज. नाच होता, नाचणारी होती, बघणारे तर होतेच होते. फक्त त्या बघणाऱ्यांच्या घरच्या मुली त्यात नव्हत्या. नाटकातसुद्धा बाईचे काम पुरुष करीत. बालगंधर्व शालू नेसून आले की घरंदाज बायका तो शालू, ती नथ, ते चालणे बघून घेत आणि घरी तसे करून बघत. स्त्रीने कसे दिसावे हे पुरुषाकडून शिकायला हरकत नव्हती. स्त्रीने स्वतः दिसायला हरकत होती.

हा कायदा मोडायला कुणीतरी घरंदाज बाईच हवी होती. आणि ती, वाचकहो, आमच्या डोक्यावरच राहत होती. 'डोक्यावर' हे अलंकारिक नाही. कर्जतहून मान वर करून बघितले की जो घाट दिसतो, त्याच्या माथ्यावर, खंडाळ्याला.

तिचे मूळ नाव लीला रॉय. बंगाली, बारिसालची, जन्म १८९९. लग्न झाले डॉक्टर साहिबसिंग सोखे यांच्याशी. हे सोखे म्हणजे परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले हिंदी संचालक. लष्करी डॉक्टर, लसींचे काम, साहेबी राहणी. अशा घरातल्या बाईने क्लबात ब्रिज खेळावे, फार तर व्हायोलिन वाजवावे. ही बाई कथक शिकू लागली. पंडित सीताराम प्रसाद, लखनौचे अच्छन महाराज, लच्छू महाराज, असे एकेक गुरू. नाव घेतले 'मेनका'. नाव निवडण्यातसुद्धा धाडस बघा. ऋषींच्या तपश्चर्या मोडणारीचे नाव घेऊन ही बाई सभ्य समाजाची तपश्चर्या मोडायला निघाली. रशियाची थोर नर्तिका अॅना पाव्हलोवा हिंदुस्थानात येऊन गेली होती. तुमच्याकडे केवढे आहे, ते करा, असे उत्तेजन तिने मेनकाबाईंना दिले. १९२६ मध्ये त्या मुंबईत रंगमंचावर आल्या. पुढे त्यांनी आपला संच उभा केला आणि त्याला नाव दिले इंडियन बॅले.

आता ही बॅले म्हणजे बोटांच्या टोकांवरची नव्हे. कथकचे तुकडे एकामागून एक सादर करण्याऐवजी एक गोष्ट घ्यायची, दहा-बारा जणांनी मिळून ती नाचायची, वादक मागे बसवायचे, पोशाख आणि प्रकाश यांची आखणी करायची. हा संच १९३६ ते १९३८ युरोपभर हिंडला. बर्लिनला १९३६ च्या ऑलिंपिकच्या जोडीने नृत्याचा मोठा मेळावा भरला होता, तिथे बक्षिसे मिळवली. आणि परत आल्यावर १९३८ साली मेनकाबाईंनी शाळा काढली ती मुंबईत नाही, पुण्यात नाही, खंडाळ्याला. नाव 'नृत्यालयम्'. एका छपराखाली कथक, कथकली आणि मणिपुरी. त्या काळात नाचाच्या शाळा अशा आडगावीच निघत होत्या. केरळात वल्लत्तोळ कवींनी १९३० मध्ये कलामंडलम काढले, उदय शंकरांनी हिमालयात अलमोड्याला केंद्र काढले. शहरात नाच बघायची सोय होती. शिकायला मात्र गाव लागत होते. तेव्हा लहान गावातून नाचाची शाळा शोधणारा बाप हा काही अडाणी नव्हे, तो फक्त ऐंशी-नव्वद वर्षे उशिरा निघालेला आहे.

पण माझे लक्ष गेले ते शाळेपेक्षा शाळेतल्या एका मुलीकडे. दमयंती जोशी. मुंबईची मराठी मुलगी, जन्म १९२८. पुढे कथकमधले एवढे मोठे नाव झाले की १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मश्री. लखनौच्या कथक केंद्राच्या त्या संचालकही होत्या. पण १९३० च्या दशकात ती एक लहानशी पोर होती. मेनकाबाईंचे स्वतःचे मूल गेले होते. ही मुलगी त्यांना दत्तक हवी होती. एका बाजूला मोठे घर, जगभरचे दौरे, नाव. दुसऱ्या बाजूला मुलीची आई, वत्सला जोशी. अशा वेळी माणसे दोनच गोष्टी करतात. एक तर हात जोडून मूल देऊन टाकतात, नाहीतर "आमच्यात नाचत नाहीत" म्हणून मूल उचलून चालू लागतात. वत्सलाबाईंनी दोन्ही केले नाही. मूल दिले नाही आणि नाच सोडवला नाही. दोघींनी मिळून मुलगी वाढवायची असे ठरले. नाच मेनकाबाईंकडे. पण मुलीचे शिक्षण झालेच पाहिजे, हे आईने बघितले.

आमच्या कर्जत स्टेशनात एक गंमत आहे. पुण्याकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्यांना इथे मागून इंजिने जोडतात. घाटाचा चढ सदतिसास एक. १८६३ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून पुढच्या इंजिनाने एकट्याने ओढावे असा तो नाहीच. या मागून ढकलणाऱ्या इंजिनाला रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. कर्जत, म्हणजे गावाच्या नावातच कर्ज, आणि वर हा बँकर; आमच्या धंद्याचा असा सन्मान दुसऱ्या कुठल्या स्टेशनात झालेला नाही. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल करीत बँकर गाडी खंडाळ्याला चढवतो. डब्यांतले प्रवासी पुढे बघत वडा खात असतात. मागे कोण लावले आहे ते कुणी बघत नाही. घाट संपला की तो सुटतो आणि गाडी त्याच्याशिवाय पुण्याला पोचते. पोस्टरवर मेनका, पद्मश्रीच्या यादीत दमयंती. वत्सलाबाईंचे नाव शोधायला गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत जावे लागते.

मेनकाबाई १९४७ साली गेल्या. खंडाळ्याची शाळाही आता नाही. पण त्यांच्या पिढीनंतर नाचाचे 'नृत्य' झाले. चांगल्या घरच्या मुली क्लासला जाऊ लागल्या, भिंतीवर प्रमाणपत्रे लागली, पत्रिकेच्या जोडीला जाणाऱ्या माहितीत 'भरतनाट्यम, सहा परीक्षा' असे येऊ लागले. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाला इथे एक बाकी दिसते. ज्या बायकांनी बैठकीत, देवळात, फडावर ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांच्या मुलींना या 'चांगल्या घरच्या' रांगेत कुणी उभे केले नाही. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. प्रथा जायलाच हवी होती. पण प्रथेबरोबर बाईही खात्यातून वजा झाली आणि तिची ठेव मात्र आम्ही आमच्या नावावर करून घेतली. हे मी आईला सांगितले. ती शेंगा सोलायची थांबली. "मग त्यांना कुणी विचारलंच नाही?" एवढेच म्हणाली. नामंजूर फाइल तिने परत मागवून घेतल्याचे ते पहिले लक्षण.

शाळांची पाहणी सुरू झाली. खरी पाश्चात्त्य बॅले शिकवणाऱ्या शाळा मुंबईत आहेत, आणि त्या केवळ श्रीमंतांच्या पोरींसाठी आहेत असेही नाही. येहुदा माओर नावाच्या परदेशी वयस्कर गुरूंकडे मुंबईत दोन पोरगे शिकले, अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान. एकाचे वडील वेल्डर, दुसऱ्याचे टॅक्सीचालक. अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. दोघांच्या गोष्टीवरून २०२० मध्ये 'ये बॅले' हा चित्रपट निघाला. पीटर्सबर्गच्या त्या नोकरांच्या मुलांची परंपरा अशी मुंबईपर्यंत आली.

पण आमचा हिशेब मांडला तो असा. कशेळे ते कर्जत मिनिडोर किंवा एसटी, मिळेल ते. कर्जत ते दादर लोकल, दोन तास. पुढे टॅक्सी. वाट बघण्याचा वेळ धरून जायला तीन तास, यायला तीन तास, मध्ये एक तास बॅले. मुलगी नाचायला शिकण्याआधी लोकलमध्ये उभी राहायला शिकेल. तेही एका पायावर, म्हणजे बॅलेला उपयोगी, पण त्यासाठी वेगळी फी कशाला? दुसरी शाळा फोनवरची. गुरू परदेशात, शिष्या कशेळ्यात, आणि मध्ये आमची रेंज. गिरकी सुरू झाली की चित्र थांबायचे. कन्या एका पायावर गुरूची वाट बघत उभी. तिसरी शाळा जवळच्या गावात. पाटीवर बॅले, झुंबा, बॉलिवूड, मेहंदी आणि उन्हाळी इंग्रजी. तिथल्या शिक्षकाने पहिल्याच दिवशी टोकावर उभे राहायचे बूट आणा म्हणून सांगितले.

तोवर मी बराच अभ्यास केला होता. टोकावर उभे राहण्याचे बूट काही वर्षे पाया पक्का झाल्याशिवाय आणि साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देत नाहीत. पावलाची हाडे तयार नसतात. उड्या मारायला जमीन लवचीक, लाकडी लागते. सिमेंटवर नुसती फरशी असेल तर गुडघे जातात. इथे फरशी होती, आणि वर मेण लावलेले होते. आम्ही नमस्कार करून निघालो.

चौथी शाळा कर्जतची. बॅलेची नव्हे, कथकची. एका घराच्या माडीवर, जुनी लाकडी तक्तपोशी, खिडकीतून घाट दिसतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. या शाळेला आई आमच्याबरोबर आली. का आली ते सांगितले नाही. तिने बाईंना तीन प्रश्न विचारले. "तुम्ही कुणाकडे शिकलात?" बाईंनी गुरूंचे नाव सांगून कानाच्या पाळीला हात लावला. "पाय दुखले तर बसू देता का?" बाई म्हणाल्या, देतो. तिसरा प्रश्न माझ्या अभ्यासात नव्हता.

"सोबत आलेल्या माणसाला बसायला जागा आहे का?"

बाईंनी जिन्याजवळचा बाक दाखवला. आई त्यावर बसून बघून आली, भिंतीला पाठ टेकून बघितली, आणि तिथून मुली दिसतात की नाही ते बघितले. दिसत होत्या. ती मान हलवून परत आली.

कन्येचा प्रश्न राहिला होता. "आणि बॅले?" बाई हसल्या. म्हणाल्या, "आधी अख्खं पाऊल जमिनीवर टाकायला शीक. मग ते उचलायचं कसं ते बघू. बारा वर्षांची हो, तोवर तुझे पाय तयार होतील." कन्येने विचार केला. तीन वर्षे. नऊ वर्षांच्या माणसाला ती फार वाटतात, पण समोर घुंगरू टांगलेले होते आणि त्यांचा आवाज होणार होता. तिने होकार दिला.

आता दर शनिवारी आजी आणि नात दुपारची एसटी पकडतात. परत येताना स्टेशनजवळ वडा खातात. हे मला सांगायचे नाही असे त्यांचे ठरलेले आहे. रात्री आमच्या ओटीवर तत्कार चालतो. ता थेई थेई तत्. मुलगी पायाने करते, आई मांडीवर बोटाने मोजते, आणि चुकली की ती आधी ओळखते. परवा शेजारच्या काकू डोकावल्या, म्हणाल्या, "काय हो, नाच शिकवताय मुलीला?" आई मोजता मोजता म्हणाली, "हो. नाच."

पहिल्या महिन्याची फी भरल्याची पावती मी फाइलला लावून ठेवली आहे. धंद्याची सवय म्हणून ती नीट वाचली. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, शिक्का आहे. खाली 'पालकाचे नाव' असा रकाना आहे. त्यात आईने स्वतःचे नाव लिहिले आहे, आणि शेजारी सही केली आहे. मी खाडाखोड सुचवलेली नाही.